शनिवारी दहाच्या आत

चि. समीर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिऊच्या ताब्याबद्दलच्या कोर्टाच्या आदेशाची प्रत तू व्हॉट्सॲपवर पाठवलीस, ती मी दोनदा वाचली. फोनवर तू एवढंच म्हणालास, "महिन्यातून चार दिवसांचा बाप झालो मी." आणि फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे. सगळी नोकरी ठाण्याच्या कोर्टात गेली माझी, असे आदेश टाइप करण्यात. या कागदात काय मिळालंय ते तुला आज दिसत नाहीये.

पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा. म्हणजे रात्रीचा मुक्काम. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो इतक्या सहज मिळत नाही रे. कितीतरी बापांची सुरुवात कोर्टातच, समुपदेशकांसमोरच्या तासाभराच्या भेटीने होते. अनोळखी खोलीत मूल बावरतं, आईला सोडत नाही, आणि तास संपतो. तुला मुक्काम आहे, बुधवारी व्हिडिओ कॉल आहे, दिवाळीची आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी आहे. चिऊच्या आईने, मेघनाने, मुक्कामाला हरकत घेतली नाही, हे तिचं मोठेपण. ते लक्षात ठेव.

तुझ्या कुठल्याशा मित्राने सांगितलंय म्हणे, चिऊ पाचाची झाली की ताबा बापाकडे येतो. असं काही नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणं) व पालकत्व कायद्यात, कलम ६ मध्ये, पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं म्हटलंय, इतकंच. पाचव्या वाढदिवसाला आपोआप काहीही बदलत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवतं. न्यायाधीश बघतात ते मूल कुठे रुळलंय, शाळा कुठे आहे, आजारपणात कोणाला बिलगतं. परिस्थिती बदलली तर आदेशही बदलून मागता येतो, ती वाट कायम उघडी असते. पण तिचा पाचवा वाढदिवस तारखेसारखा मोजत बसू नकोस. ते वर्ष तिचं आहे, मोठा गट सुरू होईल, सायकल शिकेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितलंय की मुलाला आईवडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, आणि ताबा ज्याच्याकडे नाही त्यालाही मुलाशी बोलता यावं, व्हिडिओ कॉलवर का होईना. हक्क मुलाचा, बाळा. म्हणून बुधवारचा कॉल तू ऑफिसच्या मीटिंगसाठी पुढे ढकललास तर तुझं नव्हे, तिचं काहीतरी काढून घेतलंस. पाच मिनिटं बोलेल, मग फोन टाकून खेळायला पळेल. पळू दे. वाईट वाटून घेऊ नकोस.

नेरूळच्या घरात तिची म्हणून एक जागा कर. तिची उशी, तिचा टूथब्रश, दोन जोड कपडे तिथेच राहू देत. दर वेळी पाहुण्यासारखी बॅग भरून यायला नको. दर शनिवारी वंडर्स पार्क आणि आइस्क्रीम नको. वरण-भात कर, तिला शेंगा सोलायला बसव, दुपारी झोपव. तिला तिच्या बापाचं रोजचं घर कळलं पाहिजे. "आई काय म्हणते माझ्याबद्दल?" हे चुकूनही विचारू नकोस. तिच्याबरोबर निरोपही पाठवायचा नाही. मेघनाला जे सांगायचं ते तू मेसेज करून सांग. आणि पोटगी वेळेवर भर. भेटीवरून काही बिनसलं तरी पैसे अडवायचे नाहीत. अशी अडवाअडवी करणारी माणसं मी पाहिलीत, त्यात मुलांची फी थकते आणि कोर्टात तारखा वाढतात.

आता माझं. आदेशात आजीचा उल्लेख नाही, आणि नसणारच. चिऊला पहिल्याच शनिवारी पाचपाखाडीला माझ्याकडे घेऊन ये असं माझं मन म्हणतंय. पण आणू नकोस. आधीचे काही मुक्काम तुम्हा दोघांचेच होऊ देत. रात्री ती आईसाठी रडेल. तेव्हा मला फोन करून तिला माझ्याकडे आणायची घाई करू नकोस, उचलून घे, गॅलरीत फिर, मेघनाशी दोन मिनिटं बोलायला दे. ती तुझ्याच खांद्यावर शांत झाली पाहिजे. मी दिवाळीपर्यंत थांबेन. मला जड जाईल, पण थांबेन.

शनिवारी नौपाड्यात मेघनाकडे दहाच्या आत पोच. खाली गेटपाशी उभा राहा, वर जाऊन वाद नको. रविवारी ट्रान्स-हार्बर लोकलला मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्रीच बघून ठेव. असेल तर सरळ रिक्षा कर आणि दुपारी चारलाच नेरूळहून निघ, ऐरोलीला ट्रॅफिक असतो. सहाच्या आत तिला घरी सोडायचं आहे.

तुझी,
आई