पायाच्या लेथबद्दल तात्यांना

रेडिंग, इंग्लंड

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

लाकडी वाडगे कातायला पायाने चालणाऱ्या लेथची (लाकूड फिरवून कातायच्या यंत्राची) मापं मागितली होतीत, ती कळवतो. इथल्या पुस्तकांतली चित्रं मुद्दाम पाठवत नाही, कारण त्यांतला लेथ बहुतेक खुर्चीचे पाय कातायचा असतो. वाडग्याचा लेथ त्याहून भारी लागतो. दहा इंची ओला ठोकळा फिरू लागला की हलका लेथ जमिनीवर चालायलाच लागतो.

बैठकीला वखारीत जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या तर नव्या लाकडाचा खर्चच नको. साडेचार फुटांचे दोन तुकडे, सहा इंच उंच आणि तीन इंच जाड, उभे ठेवून मध्ये दोन इंचांची फट सोडा. पाय चार, बाहेर कललेले. परसात कायमचा बसवणार असाल तर पाय हातभर जमिनीत पुरा, नाहीतर खालच्या आडव्या फळीवर दगड रचा. ठोकळा ज्या अणींवर फिरतो त्या तुमच्या कोपराच्या उंचीला याव्यात.

अणी धरणारे दोन खुंट पाच बाय पाच इंचांचे, एकवीस-बावीस इंच लांब. खालचा भाग दोन इंच जाडीचा करून फटीतून खाली सोडायचा आणि बैठकीखाली आरपार भोक पाडून पाचर ठोकायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. भोकाची वरची कड बैठकीच्या तळाशी बरोबर जुळवली तर पाचर नुसती भोकात घट्ट बसते आणि खुंट डुगडुगतो. कड तळापेक्षा अर्धा इंच वर, म्हणजे फटीच्या आत गेली पाहिजे, तरच पाचर खुंटाला खाली खेचते. बैठकीपासून अणीपर्यंत सात इंच ठेवा. दहा इंची वाडग्याला पाच पुरतात, उरलेले दोन ठोकळा ओबडधोबड असतो त्यासाठी.

अणी पाच सुताच्या सळईच्या, टोक साठ अंशांचं. एक पक्की, दुसरी आट्यांची आणि मुठीची, म्हणजे फिरवून घट्ट करता येते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कोणीही करून देईल. पायाच्या लेथच्या अणी विजेच्या लेथवर कातून आणायच्या, याला आता इलाज नाही.

खरी मेख आहे ती दोर गुंडाळायच्या लाटेत, म्हणजे ठोकळ्यात ठोकायच्या गोल दांड्यात. वरच्या लवचीक बांबूपासून निघालेला दोर तिला वेढे घालून खाली पावट्याला, म्हणजे पायाने दाबायच्या फळीला, जातो. ही सहा इंच लांब, सव्वादोन इंच जाड, सुक्या बाभळीची करा. एका तोंडाला चार चौकटी खिळे ठोकून डोकी कापा आणि पाऊण इंच टोकं बाहेर ठेवा. ती ठोकळ्यात रुततात. मधला भाग किंचित बारीक ठेवला की दोर कडेला सरकत नाही. जाडीचा हिशोब असा: सव्वादोन इंचाच्या लाटेचा घेर सात इंच. पावटा दाबल्यावर दोर वीस इंच खाली आला तर ठोकळा जेमतेम तीन फेरे घेतो. लाट बारीक केली तर फेरे वाढतात, पण जोर घटतो आणि हत्यार लाकडात लागलं की सगळं जागीच थांबतं. दोर आठ मिलिमीटरचा सुती, दोन वेढे. नायलॉन ताणला जातो आणि तुमची निम्मी ताकद त्यातच जाते. पावट्याकडे जाणारा दोर लाटेच्या तुमच्याकडच्या बाजूने खाली उतरला पाहिजे. उलटा गुंडाळलात तर पाय दाबताना ठोकळा तुमच्यापासून दूर फिरेल आणि हत्यार काही कापणार नाही.

वरच्या स्प्रिंगसाठी इथे अ‍ॅशचं कोवळं झाड वापरतात. आपल्याकडे मानवेल बांबू उत्तम. पेठ-सुरगाण्याकडचा, भरीव, बारा-चौदा फुटांचा घ्या. बुडखा खाली बांधायचा, साधारण एक तृतीयांश लांबीवर टेकू द्यायचा आणि टेकूवर गोणपाट गुंडाळायचं, नाहीतर तिथेच चिरतो. पावटा म्हणजे चार फुटांची फळी, तुमच्या पाठीमागच्या टोकाला चामड्याच्या पट्टीने जमिनीलगत अडकवलेली. पाय मध्यावर ठेवा म्हणजे पुढचं टोक दुप्पट हलतं.

हत्यार बाजारात मिळणार नाही. वाडग्याला आकड्यासारखं वळलेलं पातं लागतं, दांडा दोन फुटी. गाडीच्या गोल स्प्रिंगची दहा-बारा मिलिमीटरची सळई भंगारात मिळेल. लोहाराकडून सरळ करून टोक चपटं करून घ्या, मग अंगठ्याएवढा वाक द्या. पोलाद मऊ असतानाच कानस चालवायची, बाहेरून उतार. पाणी देताना, म्हणजे पातं कडक करताना, ते लाल करा आणि लोहचुंबक लावून बघा. चिकटायचं थांबलं की आणखी थोडं तापवून तेलात बुडवा. हे पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकतं. नंतर घासून चकाकी आणा आणि गवती पिवळा रंग चढेपर्यंत हलकी आच द्या. हे केलं नाही तर पहिल्याच गाठीला धार उडेल.

लाकूड ओलंच हवं, वखारीतलं सुकं नको. सुरुवातीला आंबा घ्या: मऊ असतो, सहज मिळतो. मात्र फार दिवस ठेवला तर डाग पडतात आणि कीड लागते. जांभूळही चांगलं. बाभूळ हात बसल्यावर. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असल्याने ओलेपणी लोखंड लागलं की काळा डाग पडतो. साग नको, त्यातली वाळू धार खाते. कडुलिंबात ताक घेणार असाल तर तुमची मर्जी. कण्हेर, शेर वर्ज्य. नाशकात उभं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते (१९७५ चा कायदा), म्हणून पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवर नजर ठेवा. काम पावसाळा-हिवाळ्यात करा. एप्रिल-मेच्या झळांत ठोकळा दुपारपर्यंत तडे खातो.

ओंडका गाभ्यातून उभा चिरा आणि मधला इंचभर गाभा काढून टाका. तो राहिला तर वाडगा तिथेच फाटतो. मग कुऱ्हाडीने गोल करा. लाट वाडग्याच्या तोंडाच्या बाजूला ठोकायची, बुडाला आट्यांची अणी. आधी बाहेरची बाजू, मग आकड्याने आत. मधला सुळका तसाच ठेवून भोवतीने खोल जायचं, शेवटी सुळका मोडून तळ कोरायचा. पाय खाली जाताना कापायचं, वर येताना हत्यार केसभर मागे घ्यायचं. अणीला तेलाचा थेंब देत राहा, चिरका आवाज आला म्हणजे लाकूड जळतंय.

इथल्या बकलबरी गावचा वाडगे कातणारा जॉर्ज लेली एका ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा. तो १९५८ साली गेला, लेथ इथल्या ग्रामजीवनाच्या संग्रहालयात आहे. तसे एकात एक वाडगे तुम्ही इतक्यात करू नका.

भिंत सगळीकडे सारखी, सात-आठ मिलिमीटरची ठेवा. तळ जाड राहिला की सुकताना तोच फाटतो. वाडगा स्वतःच्याच ढलप्यांत घालून गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत पंधरा दिवस ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. सुकल्यावर तो थोडा लांबट होईल, कारण लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, उभं जवळपास नाही. दहा इंचाला अर्धा इंच फरक धरून चाला. वरून जवसाचं कच्चं तेल. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं नको, त्यात धातूचे क्षार असतात. शेंगदाण्याचं तेल खवट होतं.

लोहाराला दाखवायला आकड्याचं चित्र खऱ्या मापात काढून सोबत ठेवलं आहे. काकूंना नमस्कार.

कळावे,
आपला पुतण्या