नाना, त्या रात्री तुम्ही मला विचारलंत

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

गेल्या शनिवारी कॅन्टीनमध्ये तुमचा निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटून झाले आणि "मॅडम, दोन शब्द बोला" म्हणून माईक माझ्या हातात दिला, तेव्हा माझा घसाच दाटून आला. "नानांचे आभार" एवढंच कसंबसं म्हणाले आणि खाली बसले. उभं आयुष्य मेंटेनन्सला काढलेल्या माणसासाठी ते फारच तोकडं होतं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल.

शिफ्ट माझ्या हाती येण्याआधी इनचार्जसाठी माझं नाव दोनदा मागे पडलं होतं, हे तुम्हाला माहीत असेलही, तुम्ही कधी बोलला नाहीत. पहिल्यांदा मी नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आले होते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवड्यांची रजा मिळाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण परतले तोवर माझी प्रेस लाईन दुसऱ्याकडे गेली होती आणि माझं टेबल क्वालिटीच्या फायलींपाशी लावलं होतं. "बाळ लहान आहे, तुम्हाला हेच सोयीचं पडेल." मला एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा, ज्या मुलाला मी डाय सेटिंग, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवायचं काम, शिकवलं तोच माझ्यावर इनचार्ज झाला. त्याचा दोष नाही, पोरगा चांगला आहे. मी केबिनमध्ये जाऊन कारण विचारलं. साहेब म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हो. पण रात्री वर्कर बाईचं ऐकणार नाहीत. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं आहेत." आणि मी दाराशी पोचते तोच, मीटिंगला सहा चहा सांगा म्हणाले.

पूर्वी कायद्याचं कारण असायचं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला बंदी होती. रात्रपाळी नाही म्हणून शिफ्ट इनचार्ज नाही, शिफ्ट सांभाळली नाही म्हणून प्रोडक्शन मॅनेजर नाही, असं ते एकात एक अडकलेलं. पुढे महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि सुरक्षेच्या, जाण्यायेण्याच्या सोयीच्या अटींवर दार उघडलं. कायद्याचं कारण संपलं, तेव्हा तुमचं नाव पुढे करण्यात आलं. वर्कर ऐकणार नाहीत! नाना, हे तुम्हाला कोणी कधी विचारलं होतं का?

तेच वाक्य मी नंतर पेपरात वाचलं आणि अंगावर काटा आला. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात सरकारने सुप्रीम कोर्टात म्हटलं होतं की जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने ते म्हणणं फेटाळलं. आणि मे २०२२ मध्ये आपल्या नाशिकच्याच लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. ते कात्रण कितीतरी दिवस माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. इकडे आम्हाला दर ८ मार्चला गेटवर गुलाबाचं फूल मिळायचं. मला फूल नको होतं हो, शिफ्ट हवी होती.

ती मिळाली तीसुद्धा माणसं कमी पडली म्हणून, "तात्पुरतं बघू" म्हणत. थर्ड शिफ्ट. माझी चौथी रात्र.

अडीचच्या सुमाराला तीन नंबर प्रेसचं प्रेशर पडायला लागलं. सकाळी गाडी भरायची होती. ऑपरेटर, हेल्पर, कंत्राटी पोरं, सगळे प्रेसपाशी गोळा झाले आणि सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे. साहजिकच होतं, त्या प्रेसचा बोल्ट न् बोल्ट तुमच्या ओळखीचा. तुम्ही ऑइलच्या टाकीला हात लावून पाहिलात, पंपाशी कान नेलात. काय करायचं ते तुम्हाला तिथेच कळलं होतं, मला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी तुम्ही कॉटन वेस्टने सावकाश हात पुसलेत, त्या घोळक्यातून चालत माझ्यासमोर आलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत,

"मॅडम, थांबवायची का चालवायची? तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "थांबवा. डाय दोन नंबरवर चढवू."

तुम्ही मागे वळलात. "ऐकलं ना रे? मॅडमनी थांबवायला सांगितलंय. मेन बंद कर."

बस, एवढंच. गाडी थोडी उशिरा गेली. पण दुसऱ्या रात्रीपासून पोरं अडलं की थेट माझ्याकडे यायला लागली. उत्तर तुमच्या हातात होतं आणि तुम्ही प्रश्न माझ्याकडे आणलात, नाना. इतक्या वर्षांत ट्रेनिंगची सर्टिफिकेटं पुष्कळ मिळाली, त्या एका प्रश्नाची सर कशालाच नाही.

पुढे एकदा चहाच्या सुट्टीत मी तुम्हाला विचारलं, तेव्हा का विचारलंत मला? तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "बाप गेला तेव्हा मी सहावीत होतो. सिन्नरकडची आमची कांद्याची शेती आईनेच केली. गडी ऐकायचेच की तिचं." मला केबिनमधल्या त्या साहेबांना तिथे आणून बसवावंसं वाटलं. ज्या खेड्यापाड्याचं कारण त्यांनी मला सांगितलं, त्याच खेड्यातून तुम्ही आला होतात.

अशी माणसं आहेत म्हणून बाई रात्री अकराला घराबाहेर पडू शकते. सकाळी सोडायला आलेला आमचा ड्रायव्हर मी कुलूप उघडून आत जाईपर्यंत गाडी हलवत नाही. शेजारच्या काकू मुलाला ताप असला की स्वतःहून उशी घेऊन आमच्याकडे झोपायला येतात. यांतलं कोणीच स्टेजवर भाषण करत नाही.

आता ऑर्डरमधून "तात्पुरतं" हा शब्द निघालाय. परवा तीन नंबर पुन्हा कुरकुरली. नवा फिटर धावत आला आणि आधी मला शोधत होता.

दरवर्षी पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी तुमची सुट्टी मी मंजूर करायची, आता कोणाला विचारायचं काम नाही. दिंडी त्र्यंबक रोडने सातपूरवरून जाते तेव्हा गेटपाशी घटकाभर थांबा. वॉचमनला सांगून ठेवलंय. चहा घेऊन मी स्वतः येईन.

तुमची,
थर्ड शिफ्टची मॅडम