परग्रहवासी राहू द्या, आधी पांढरीकडे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन संस्कृतींच्या 'न उलगडलेल्या रहस्यां'वर पानभर लेख आला होता. पिरॅमिड, पेरूच्या वाळवंटातल्या नाझकाच्या रेषा, मोहेंजोदडोवरचा कथित अणुस्फोट आणि शेवटी आपलं वेरूळचं कैलास लेणं. चारही ठिकाणी लेखकाला परग्रहवासीयांचा संशय आहे. मी निवृत्त भूकरमापक. नोकरी गोदावरी, प्रवरा आणि घोड या नद्यांकाठच्या गावांत मोजण्या करण्यात गेली. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही, पण ज्या जमिनींत जुनी गावं गाडली गेली आहेत (त्या उंचवट्याला आमच्याकडे पांढरी म्हणतात) त्यांच्या बांधांवर उभं राहून मी हद्दी कायम केल्या आहेत. त्यामुळे गप्प बसवेना.

लेखातलं आधी उरकतो. मोहेंजोदडोत सांगाडे सापडले हे खरं, पण सगळे मिळून चाळीसच्या आसपास, आणि तेही एका दिवशी मेलेल्या माणसांचे नव्हेत. अणुस्फोट सोडाच, पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडलेली आर्यांच्या हल्ल्याची कथासुद्धा जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये खोडून काढली. नाझकाच्या रेषांना दोरी, खुंट्या आणि चार शहाणी माणसं पुरतात, हे मी मोजणीवाला म्हणून सांगतो. सरळ रेषा आखायला आकाशातून बघावं लागत नाही.

पिरॅमिडचं तर लेखकाने नवं काही वाचलेलंच दिसत नाही. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफू राजाच्या काळातली, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरला, अमुक ठिकाणी मुक्काम केला, गिझाला पोचलो, रिकामी नाव घेऊन परत फिरलो. पानंच्या पानं हेच. आमच्या खात्यातल्या मासिक दैनंदिनीत आम्ही याहून वेगळं काही लिहीत नव्हतो. मला तरी कुठल्याही उडत्या तबकडीपेक्षा हा मेरर जास्त भावतो. त्याच्याही वरिष्ठांना रोजचा हिशेब हवा होता.

कैलास लेण्याबद्दल 'छिन्नीची खूण नाही' असं लेखात छापलं आहे. लेखकाने वेरूळला जाऊन सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या आवारात कडेच्या भिंतीला हात लावून बघावा. तिरप्या घावांच्या ओळीच्या ओळी दिसतील. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत हे काम झालं, डोंगर वरून खाली कोरत आणला. कर्क राजाचा बडोदा ताम्रपट आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात या मंदिराचं वर्णन येतं: विमानातून जाणारे देव थक्क झाले, आणि ज्याने ते घडवलं तो कारागीरही म्हणाला, अहो, हे मी केलं तरी कसं! (विमान शब्द बघून कोणाचे डोळे लकाकतील याची कल्पना आहे. पण देव बघायला आले होते, बांधायला नव्हे.) बाराशे वर्षांपूर्वी त्या माणसाला स्वतःच्या हातांचं नवल वाटलं आणि ते तांब्यावर कोरलं गेलं. आपण त्याच्याकडून तेही काढून घेऊन दुसऱ्या ग्रहावरच्यांना द्यायला निघालो आहोत.

रहस्यच हवं असेल तर शिरूर तालुक्यात इनामगावला चला. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वज्ञ मंडळी होती. इ.स.पू. १६०० ते ७०० असं सुमारे नऊशे वर्षं वसलेलं शेतकऱ्यांचं गाव. शंभरावर घरं उघडी पडली. सातू पिकवायचे, गहू आणि डाळी होत्या, नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट काढला होता, त्याला बांध घातला होता.

आणि घरातल्या जमिनीखाली पुरलेली माणसं. लहान मूल गेलं की दोन घडे आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड लावून, आत मूल. मोठं माणूस गेलं तर खड्ड्यात उताणं ठेवायचे, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखाली पावलं तोडलेली. का तोडली? मेलेला उठून चालता होऊ नये म्हणून, असा एक अंदाज आहे. उलट्या पावलांच्या भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तो पटकन पटतो, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. कारण एक दफन असं निघालं की ज्यात पावलं शाबूत होती. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा कच्च्या मातीचा मोठा रांजण, त्यात एक पुरुष बसवलेला, पाय दुमडून. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. मग प्रमुखाच्या भुताची भीती नव्हती, की त्याने परत यावं अशीच इच्छा होती?

एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची डबी निघाली. तिच्यात स्त्रीची एक मूर्ती; झाकणावर दुसरी स्त्री, तिला डोकंच नाही, आणि शेजारी बैल. बैलाच्या पाठीला भोक, त्या बिनडोक्याच्या मूर्तीलाही भोक. काडी घातली की ती बैलावर उभी राहते. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलं नाही. म्हणजे टिकवायचं नव्हतं, तरी जपून पुरलं होतं. रविवारच्या पानाला एवढं पुरेसं नाही का?

मोठं कोडं मात्र शेवटाचं आहे. इ.स.पू. १००० च्या सुमाराला प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांतली या लोकांची बहुतेक गावं उठली. इनामगाव आणखी तीनशे वर्षं तगलं, पण कसं, तर चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी गोल, लहान झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शेती आटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीवर भिस्त वाढली. पाऊस कमी होत गेला, असं ढवळीकरांनी मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. हाडांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये त्यावर अजून वाद आहेत. शिरूर, श्रीगोंदा, पारनेर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा वाद परका वाटायचं कारण नाही. लागोपाठ दुष्काळ पडले की माणसं काय करतात, आधी काय विकतात, गाव कधी सोडतात, याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला आपल्या पायाखाली आहे.

या वादांचा निकाल कशावर लागतो? थरावर. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली, शेजारी कोळसा होता का, दाणे होते का. थर गेला की वस्तू मुकी होते. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचं उदाहरण घ्या. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार काशाच्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. भरीव ओतीव, सगळ्यांचं मिळून साठ किलोंवर वजन. रथात एक माणूस उभा आहे, पुढे दांडीवर एक कुत्रं. तो कुठे चाललाय आणि कुत्र्याला दांडीवर का उभं केलंय, कोण जाणे. पण त्या वस्तू रीतसर उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत. पुढे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तिथे उत्खनन करून त्यांचं नातं उत्तर हडप्पा काळाशी, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्याशी, जोडलं, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून या काळाबद्दल शंका घेतली. आज पन्नास वर्षं झाली, वाद आहे तिथेच आहे. इतकी देखणी वस्तू आणि तिचं वय खात्रीने सांगता येत नाही. तिथे त्या शेतकऱ्याचा दोष नाही, त्याला काय ठाऊक. आज मात्र आपल्याला ठाऊक आहे आणि तरी आपण काय करतो ते सांगतो.

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचा उंचवटा. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, कोंडा साचून तो झालेला असतो. ती माती पिकाला मानवते, धाब्याच्या घरावर टाकली तर पाणी धरत नाही. त्यामुळे लोक ती पूर्वीपासून नेत आले. तेव्हा पाटीने आणि बैलगाडीने नेत, गावाच्या पिढ्या सरल्या तरी टेकाड शिल्लक राही. आता जेसीबी आणि ट्रॉल्या. मोजणीच्या नकाशावर ज्या जागी मी स्वतः उंचवटा दाखवला होता तिथे नंतर सपाट उसाचं शेत पाहिलं आहे.

एका गावी असा ताजा कापलेला कडा उन्हात उभा होता. वर हातभर भुरकट माती, खाली राखेची बोटभर करडी रेघ, तिच्याखाली चोपून घट्ट केलेली जमीन, लालसर भाजलेली, मग पुन्हा राख. जमिनीच्या त्या पट्ट्यात एका चुलीचा अर्धा भाग दिसत होता. दुसरा अर्धा ट्रॉलीतून कोणाच्या तरी वावरात गेलेला. खाली ढिगात खापरं. एक उचललं: विटकरी लाल, अंगावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, पातळ, नखाने वाजवलं तर धातूसारखा खणखण आवाज. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५० च्या सुमाराला उत्खनन झालं, त्यावरून ज्यांना जोर्वे भांडी म्हणतात, ती हीच. तीन हजार वर्षं जुनं खापर ट्रॅक्टरच्या चाकाखाली कडकड वाजत होतं. ट्रॉलीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, अशी खापरं पायलीनं पडल्यात. सोनं निघालं तर सांगा." मी संबंधित कार्यालयाला पत्र धाडलं, गट नंबर आणि कच्च्या नकाशासह. पोच मिळाली, माणूस आला नाही.

'सोनं निघालं तर' यातच सगळं आलं. गुप्तधनवाल्यांनी पोखरलेले खड्डेही मी पाहिले आहेत. लिंबं, कुंकू, फुटका नारळ, आणि बाजूला फेकून दिलेले दोन घडे, तोंडं फुटलेली. त्या घड्यांत काय असणार होतं हे वर लिहिलंच आहे. गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत, पण कायद्याला रात्री खणणारा दिसायला हवा ना. आपल्या पुरवणीतली 'रहस्यं', 'शापित खजिने' आणि 'गूढ शक्ती' ही पानं त्या खड्ड्याच्या काठाशी बसून वाचली जातात, एवढंच लक्षात आणून द्यायचं आहे.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. आपले तालुका वार्ताहर 'जमिनीत पुरातन मूर्ती सापडली' अशी बातमी देतात तेव्हा ठरलेली दोन वाक्यं असतात: बघ्यांची गर्दी झाली, आणि मूर्तीची किंमत कोट्यवधी असल्याची चर्चा आहे. किंमत गाळा. त्याऐवजी विचारा की वस्तू किती खोलीवर होती, भोवती राख, खापरं, हाडं होती का, खड्डा आहे तसा ठेवलाय का, तहसीलदारांना कळवलंय का. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. नसेल तर निदान काडेपेटी. आणि हेही छापा की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे पुरलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. लोक दडवतात ते लोभाने कमी, भीतीने जास्त. सरकार शेत काढून घेईल ही भीती. खापर सापडलं एवढ्यावरून कोणाची जमीन जात नाही, हे आपल्यासारख्या खपाच्या दैनिकाने ठळक अक्षरांत सांगितलं तर माझ्या दहा पत्रांहून जास्त उपयोग होईल.

पुरवणीत जागा असेल तर एक सदर सुरू करा. दर आठवड्याला एक गाव, त्याची पांढरी, तिथे काय सापडलं, आज तिथे काय उरलं. नेवासे घ्या, प्रकाशे घ्या, तेर घ्या, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी घ्या, जिथे ग्रीक सागरदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली. वर्षभराचा मजकूर सहज होईल, आणि लेखकाला अंतराळात जावं लागणार नाही. गावांची यादी, तालुक्यासह, मी टपालाने पाठवायला तयार आहे. त्यातली काही टेकाडं आता फक्त माझ्या जुन्या कच्च्या नकाशांवर आहेत. ती वेगळ्या शाईने लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
(नाव छापू नये. ट्रॉलीवाले गावातलेच आहेत.)