प्रशिक्षकावरचा तो परिच्छेद मागे घ्या

संपादक महोदय,

कालच्या क्रीडा पुरवणीत स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज या कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकी संघावर पानभर लेख आला. या खेळाला मराठीत एवढी जागा कोणी देत नाही, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण त्या पानावर ज्या चुका आहेत त्या 'छपाईच्या नजरचुका' म्हणून सोडून देता येणार नाहीत. त्यातली एक तर चूक नव्हेच, अन्याय आहे. तिच्याकडे येतोच.

लेखातला अपघात हा दोन अपघात शिवून तयार केलेला आहे. ३० डिसेंबर १९८६ ही तारीख आणि रेजायनाकडे निघालेली बस स्विफ्ट करंटची. 'भारतीय ट्रकचालक', 'थांबा फलक ओलांडला' आणि '१६ मृत्यू' हे मात्र हम्बोल्ट ब्रॉन्कोजचं, ६ एप्रिल २०१८ चं. दोन्ही संघ सस्कॅचेवान प्रांतातले आणि दोघांचं नाव ब्रॉन्कोज, पण गावं वेगळी, लीगही वेगळी. स्विफ्ट करंट वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर हॉकीच्या सर्वांत वरच्या पायरीवर खेळतो. हम्बोल्ट त्याखालच्या सस्कॅचेवान ज्युनियर हॉकी लीगमध्ये. दोन अपघातांमध्ये ३१ वर्षांचं अंतर आहे. १९८६ च्या अपघातात ट्रक नव्हताच, मग भारतीय चालक कुठून आला?

हम्बोल्टच्या अपघाताचा तपशील न्यायालयात नोंदला गेला आहे. बसमध्ये २९ जण होते. त्यातले १६ गेले, १३ जखमी झाले. चालकाला त्या कामावर लागून जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते, मागच्या ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती, त्याचं लक्ष आरशात गेलं आणि दिव्यासकटचा थांबा फलक सुटला. त्याने गुन्हा कबूल केला, ८ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर मार्च २०१९ पासून सस्कॅचेवानमध्ये अवजड ट्रकचा परवाना काढण्याआधी १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. महाराष्ट्रातून ट्रक चालवायला तिकडे जायचा विचार करणाऱ्या मुलांना हा आकडा उपयोगी पडला असता. तो लेखात नाही. दुसऱ्याच अपघाताचा दोष मात्र एका भारतीय माणसाच्या माथी मारलेला आहे.

आता १९८६ बद्दल. स्विफ्ट करंटहून रेजायना सुमारे २४५ किलोमीटर. बस शहराबाहेर पडून पूर्वेकडे निघाली आणि लगेचच काळ्या बर्फावर घसरली. काळा बर्फ म्हणजे काळ्या रंगाचा बर्फ नव्हे, जसं तुमच्या लेखात आहे. तो पारदर्शक असतो, इतका पातळ की खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण थंड वारा वरून आणि खालून दोन्हीकडून लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. पारा उणे दहाच्या खाली गेला की साधं मीठ टाकून फारसा उपयोग होत नाही, वाळू पसरावी लागते. बसवरचा ताबा गेला, ती रस्ता सोडून उतारावर गेली, हवेत उडाली आणि उजव्या कुशीवर आपटली. मागच्या बाकांवर पत्ते खेळत बसलेले चौघे गेले: ट्रेंट क्रेस, स्कॉट क्रूगर, ख्रिस मँटिका आणि ब्रेंट रफ. सीटबेल्टचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. कॅनडात नव्याने बनणाऱ्या मोठ्या प्रवासी बसना ते सक्तीचे झाले सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे हम्बोल्टही होऊन गेल्यावर.

चौघांच्या जर्सीचे क्रमांक ८, ९, ११ आणि २२. हे चार आकडे चार पाकळ्यांच्या पानावर लिहिलेलं चिन्ह संघाने गणवेशावर लावलं. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा करंडकही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लेखातल्या छायाचित्राखाली त्याच चिन्हाला 'क्लबचे नशिबाचे प्रतीक' म्हटलं आहे. कृपया ती ओळ तरी दुरुस्त करा.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे तो परिच्छेद. 'प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स यांनी खचलेल्या मुलांना बापाच्या मायेने सावरले आणि अडीच वर्षांत राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेले.' हे वाक्य २०२० नंतरच्या काळात, इंटरनेट हाताशी असताना, मराठी वर्तमानपत्रात छापलं जातं?

ग्रॅहम जेम्सने आपल्याच खेळाडूंचा वर्षानुवर्षं लैंगिक छळ केला. शेल्डन केनेडी त्या बसमध्ये होता, १९८९ च्या विजेत्या संघातही होता. त्याने १९९६ मध्ये तोंड उघडलं. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने गुन्हा कबूल केला. दोन खेळाडू, मिळून सुमारे ३५० प्रसंग, आणि शिक्षा साडेतीन वर्षं. २००७ मध्ये त्याला सरकारी माफीही मिळाली होती. ती बाहेर कळली २०१० मध्ये आणि देशभर संताप उसळला. मग त्याच्या हाताखाली खेळलेला थिओ फ्लेरी आणि आणखी एका खेळाडूच्या प्रकरणात २०१२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, ती अपील न्यायालयाने २०१३ मध्ये पाच वर्षांवर नेली. २०१५ मध्ये स्विफ्ट करंटच्याच आणखी एका माजी खेळाडूच्या प्रकरणात पुन्हा दोन वर्षं. यातलं एकही अक्षर गुप्त नाही. सगळं उघड न्यायालयात झालेलं आहे.

तुमच्या लेखकाला १९८९ चं कौतुक सापडलं असावं. तेव्हा एका मोठ्या हॉकी साप्ताहिकाने या माणसाला वर्षातला सर्वोत्तम माणूस म्हणून निवडलं होतं हे खरं आहे. म्हणून तर १९८९ चं कौतुक जसंच्या तसं उचलायचं नसतं.

आणि 'सावरले' हा शब्द तर सहन होत नाही. अपघातानंतर त्या मुलांना मानसोपचारतज्ज्ञाची मदत दिली गेली नाही. दोन आठवड्यांच्या आत संघ पुन्हा खेळायला उतरला, त्याच मोसमात प्लेऑफलाही गेला, आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं मित्रांची प्रेतं पाहिल्यावर जे मनात साठलं ते मनातच ठेवून खेळत राहिली. बाहेरचा तज्ज्ञ आत आला असता तर तो एकेका मुलाशी दार लावून बोलला असता, आणि प्रशिक्षकाला नेमकं तेच नको होतं. त्या संघातल्या खेळाडूंनीच पुढे हे सांगितलं आहे.

'मग मुलं बोलली का नाहीत?' असं लेख वाचणारा कोणीही विचारेल, म्हणून ज्युनियर हॉकीची रचना सांगायला हवी होती. खेळाडू सोळा ते वीस वर्षांचे. संघ त्यांना निवडीतून उचलतो आणि त्यानंतर त्यांचे हक्क संघाकडे राहतात. मुलाने स्वतःहून उठून दुसऱ्या संघात जायचं म्हटलं तर जाता येत नाही, संघ मात्र त्याला एका फोनवर हजार किलोमीटरवरच्या गावाला देऊन टाकू शकतो. मुलगा आईबापांपासून दूर, यजमान कुटुंबाच्या घरी राहतो आणि तिथूनच शाळेत जातो. कोण किती मिनिटं खेळणार हे प्रशिक्षक ठरवतो. एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचे निवडकर्ते मुलाबद्दल विचारतात तेही प्रशिक्षकालाच. म्हणजे जेवण, शाळा, खेळ आणि भविष्य यांच्या चाव्या एकाच माणसाच्या हातात. त्यात गाव पंधरा-सोळा हजारांचं, स्टेडियम जेमतेम तीन हजारांचं, आणि संघ लोकांनी पैसे उभे करून परत आणलेला. अशा गावात देव मानलेल्या माणसाविरुद्ध सोळा वर्षांचा मुलगा काय बोलणार, आणि कोणाकडे?

हा 'परत आणलेला' भागही लेखात नाही. संघ १९६७ चा. १९७४ मध्ये तो लेथब्रिज या दुसऱ्या शहरात गेला आणि बारा वर्षं लेथब्रिज ब्रॉन्कोज म्हणून खेळला. १९८३ ची लीगही त्या नावाने जिंकली. पुढे एनएचएलमध्ये गाजलेल्यांपैकी ब्रायन ट्रॉटिए स्विफ्ट करंटचा, सटर भाऊ लेथब्रिजचे. १९८६ मध्ये संघ गावाला परत मिळाला आणि परतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो अपघात झाला. हे माहीत नसेल तर गावाचं दुःख कळतच नाही. बारा वर्षं वाट पाहून मिळालेला संघ चार महिन्यांत असा उद्ध्वस्त झाला.

१९८८-८९ च्या मोसमाला तुम्ही 'भावनेच्या जोरावर जिंकलेला' म्हटलं आहे. तो संघ भावनेवर जिंकला नाही. ७२ सामन्यांत ५५ विजय, १६ पराभव, १ बरोबरी. प्लेऑफमध्ये १२ पैकी १२. आणि पॉवर प्लेवर १८० गोल, म्हणजे सरासरी सामन्यामागे अडीच. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू दोन मिनिटांसाठी बाहेर बसला की पाच विरुद्ध चार होतात, त्या अवधीतला हा हिशोब. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या निळ्या रेषेवर डॅन लॅम्बर्ट आणि डॅरेन क्रूगर यांच्यासारखे पक, म्हणजे खेळाची चकती, फिरवणारे बचावपटू होते, समोरच्या चौघांना ते जागेवरून हलवत आणि मग गोलासमोर मोकळा माणूस सापडे. याच कारणाने त्यांच्याविरुद्ध दांडगाई करायला संघ घाबरत, शिक्षा झाली की गोल ठरलेला. राष्ट्रीय विजेतेपदाच्या मेमोरियल कपची अंतिम लढत सस्काटूनमध्ये, यजमान ब्लेड्सविरुद्ध, ४-३, जादा वेळेत टिम टिस्डेलचा गोल. गोलरक्षक ट्रेव्हर क्रूगर आणि बचावपटू डॅरेन क्रूगर हे दोघे गेलेल्या स्कॉटचे भाऊ. श्रेय द्यायचं तर या मुलांना द्या. गोल त्यांनी केले, अडवले त्यांनी, आणि मनावरचं ओझंही त्यांनीच वाहिलं.

जाता जाता आणखी एक. तुमच्या पानावर आइस हॉकीत 'चेंडू' आहे, तोही तीन ठिकाणी. आइस हॉकीत चेंडू नसतो, पक असतो: कडक रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण उबदार रबर उसळतं आणि काठीवर थांबत नाही. क्रिकेटच्या पानावर कोणी यष्टीला खांब म्हणालं तर तुमच्याकडे दिवसभर फोन येतील. इतर खेळांनाही एवढी काळजी मिळायला हवी.

माझी मागणी अशी. प्रशिक्षकावरचा परिच्छेद मागे घेतल्याची सूचना त्याच पुरवणीत, त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापा. आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींची 'दुरुस्ती' नको. भारतीय ट्रकचालकाचा उल्लेख १९८६ च्या अपघातातून काढा. आणि ई-पेपरमधला लेख आजच बदला, कारण उद्या कोणी शाळकरी मुलगा स्विफ्ट करंट शोधेल तेव्हा त्याला मराठीत तेवढं एकच पान सापडेल आणि त्यावर ग्रॅहम जेम्सला बापाची माया लिहिलेली असेल.

आपला,
एक वाचक, कॅल्गरी