‘दाबू नये’ची पट्टी जपणाऱ्या मुलाला

प्रिय —,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून नुसती रेघ ओढली. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहितेय. आमचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त केलास म्हणून फोनवर आभार मानायला लागले की तू लगेच “ताई, आवाज तुटतोय” म्हणतोस. डोंबिवलीत रेंज इतकीही वाईट नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या घरी स्पेक्ट्रम प्लस नावाचा कॉम्प्युटर होता. मूळचा ब्रिटनमधला, क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तो भारतात आणला. बाबा कराडला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. १९८७ साली पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी तो पुण्याहून आणला, एसटीत मांडीवर ठेवून. मेमरी ४८ के, म्हणजे किलोबाइट. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक गुलाबही तिच्यात मावणार नाही. स्क्रीन घरच्या टीव्हीचीच, आणि डिस्कच्या जागी गाण्यांचा टेपरेकॉर्डर. त्यामुळे बाबांचा प्रोग्रॅम आणि आईच्या बातम्या यांचं रोज संध्याकाळी भांडण.

त्या यंत्राला रंगांची एक खोड होती. पडदा आठ-आठ बिंदूंच्या चौकटींत वाटलेला, आडव्या ३२, उभ्या २४. एका चौकटीत दोनच रंग मावायचे. तिसरा घालायला गेलं की आधीचा बदलायचा, म्हणजे पाकळीचा लाल शेजारच्या पानावर सांडायचा. विलायतेतले गेम लिहिणारेही याला वैतागलेले असत. बाबांनी काय केलं, तर आईकडून आलेखाच्या वहीत ठिपक्यांची रांगोळी काढून घेतली आणि प्रत्येक पाकळी चौकटीच्या आतच बसेल असे ठिपके मांडले. १९८८ च्या दिवाळीत आमच्या टीव्हीवर रांगोळी उमटली. एकेक रेघ, अगदी सावकाश. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, “एवढ्या वेळात मी दोन काढल्या असत्या.”

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. माळा आवरताना यंत्र सापडलं आणि त्याच खोक्यात कॅसेट. कव्हरवर बाबांच्या अक्षरात ‘रांगोळी, ०४५ पासून’, म्हणजे टेपच्या काउंटरवरचा आकडा. आईला एकदा दाखवावी, एवढीच इच्छा होती. तिथून वर्षभर माझी वरात निघाली.

पहिल्या दुकानातल्या माणसाने काउंटरवर पडलेला राउटरचा अडॅप्टर उचलून थेट खुपसला. बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आतली बाजू अधिक असते, या यंत्राला आत उणे लागतं. खालच्या बाजूला लिहिलेलंही असतं, पण वाचायला यंत्र उलटं करावं लागतं ना! जरा वास आला, बारीक धूर निघाला आणि तो म्हणाला, “मॅडम, हे आधीच गेलेलं होतं.” दुसऱ्याने चार महिने ठेवून घेतलं आणि तीन स्क्रू कमी करून परत दिलं. वर सल्ला, “शोपीस म्हणून ठेवा, छान दिसेल.” तिसरा एवढंच म्हणाला, “भंगारात किलोवर जाईल.” त्या दिवशी रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला बाबांची एसटी आठवली. रडले नाही, पण घरी आल्यावर कोणाशी बोललेही नाही.

मग तुझा पत्ता लागला. तू १९९५ चा, म्हणजे यंत्र तुझ्याहून आठ वर्षांनी मोठं. मी ‘अहो’ म्हटलं तर दारातच म्हणालास, “अरेतुरे करा, नाहीतर चहा देणार नाही.” गॅलरीत एक टेबल, एक जाड भिंग, सोल्डरिंगचा वास आणि पोह्याच्या जुन्या डब्यात झेड-८० प्रोसेसर, म्हणजे या यंत्राचा मेंदू. १९७६ पासून चालत आलेली ती चिप झिलॉग कंपनीने २०२४ मध्ये बंद करायची ठरवली, तेव्हा तू घाईने चार घेऊन ठेवल्यास. बायको म्हणाली म्हणे, “लोक सोनं घेतात.”

तू काय काय बदललंस ते मी इथे लिहीत बसत नाही, निम्मं मला कळलेलंही नाही. दोन गोष्टी मात्र डोक्यात राहिल्या. एक म्हणजे, आतल्या पहिल्या १६ के मेमरीच्या आठ चिप्सना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच. त्यातलं उणे पाच गेलं की चिप्स जळायला लागतात. आमच्या आठांपैकी पाच गेल्या होत्या, राउटरच्या कृपेने. दुसरी, उरलेल्या ३२ के साठी सिंक्लेअरने अर्ध्या बिघडलेल्या चिप्स वापरल्या होत्या. ६४ के च्या चिपमधला एक अर्धा भाग कारखान्यातच नापास झालेला. तो सोडून द्यायचा आणि पास झालेला अर्धा कामाला लावायचा. बाबांना हे कळलं असतं तर दहावी ‘ड’च्या प्रत्येक पालकसभेत त्यांनी ते सांगितलं असतं.

कीबोर्डच्या आतला प्लास्टिकचा पडदा तर पापडासारखा मोडला होता. तो आजही कोणीतरी नवा बनवतं, हे ऐकून मी थक्क झाले. कंपनीने कधीच सोडून दिलेल्या यंत्रासाठी कुठेतरी कोणी तो छापतं, कोणी घरी बसून रॅमच्या चिप्स तपासतं, आणि आपल्याला काय सापडलं ते फुकट लिहून ठेवतं. तुम्ही लोक एकमेकांना भेटलेलेही नसता.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

स्पेक्ट्रम प्लसच्या डाव्या कडेला रीसेटचं बटण असतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. गेम लोड व्हायला पाच मिनिटं लागायची, आणि साडेचार मिनिटं झाली की हा जाऊन ते बटण दाबायचा. शेवटी बाबांनी फर्स्ट एडच्या डब्यातली चिकटपट्टी त्यावर लावली आणि निळ्या पेनाने लिहिलं, ‘दाबू नये’. मास्तरच ते, ‘दाबू नकोस’ लिहितील कसे?

ती पट्टी आहे, हे मी विसरले होते. तुला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. यंत्र न्यायला आले तेव्हा ते नव्यासारखं काळं कुळकुळीत दिसत होतं, सगळी धूळ आणि तेलकट थर गेलेला, आणि डाव्या कडेला ती मळकट पट्टी तशीच. मी बघत राहिले, तेव्हा तू जरा ओशाळून म्हणालास, “ताई, साफ करायला काढावी लागली. वाफेवर धरून सोडवली. गोंद संपला होता, म्हणून खालून नवा लावलाय. अक्षर पुसलं नाहीये, बघा.” आणि मग, “मी बटण टेस्ट केलं नाही. लिहिलंय ना, दाबू नये.”

मी तेव्हा काहीच बोलले नाही, चहा गार होईपर्यंत. तुला वाटलं असेल, बाईला राग आला.

तीन दुकानांत मिळून माझे किती पैसे गेले ते जाऊ दे. पण त्या तिघांपैकी कोणीही त्या यंत्राकडे कोणाच्या तरी घरातली वस्तू म्हणून पाहिलं नव्हतं. तू पाहिलंस, तेही न सांगता. हे शिकवता येतं का कोण जाणे. तुझ्या आईला एकदा भेटायचंय मला.

कॅसेटचंही तसंच. पहिल्यांदा ‘टेप लोडिंग एरर’ आला आणि माझा धीर सुटला. तू म्हणालास, “टेप बरोबर आहे, माझाच डेक तिरका आहे.” मग बारीक स्क्रू-ड्रायव्हरने टेप वाचणारं हेड अगदी केसभर फिरवत, कान देऊन ऐकत बसलास, तो कर्कश आवाज जास्तीत जास्त खणखणीत येईपर्यंत. सदतीस वर्षांपूर्वी बाबांचा टेपरेकॉर्डर ज्या कोनात होता, त्या कोनात तू तुझा आणलास. टीव्हीच्या पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे आले, मग निळे-पिवळे पळायला लागले, आणि तू उठून आत गेलास. “दूध बघतो” म्हणून. गॅस बंद होता, मला दिसत होतं.

मजुरी विचारली तर चिप्स आणि कीबोर्डच्या पडद्याचे पैसे घेतलेस, आणि उलट मलाच विचारलंस, “या प्रोग्रॅमची एक प्रत माझ्याकडे ठेवू का? चालेल का तुम्हाला?” मनात आणलं असतंस तर न विचारताही ठेवता आली असती, आणि मला आयुष्यात कळलं नसतं.

परवा आईला रांगोळी दाखवली. आता सत्त्याहत्तरची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसली. रेघ रेघ उमटत गेली, पाकळ्या भरल्या, रंग कुठे सांडला नाही. मी तिच्याकडे बघत होते. बराच वेळ ती गप्प. मग पदराने चष्मा पुसला आणि पडद्यावर उजवीकडे खाली बोट ठेवलं.

“हा ठिपका चुकलाय. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना.”

वही काढून पाहिली. खरंच चुकलाय, एक घर डावीकडे. आई म्हणतेय, तुला सांगून तो दुरुस्त करून घेऊ. मी म्हटलं, तो मुलगा हात लावेल असं वाटत नाही. तरी दिवाळीला तू आणि तुझी बायको या, आणि काय ते तूच तिला सांग. चकल्या तिने आतापासून धरल्यात.

तुझी,
कराडच्या मास्तरांची मुलगी