पांढरा कुठे थांबवणार, ते आधी सांग

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला लागले की तुम्ही ‘बरं बरं, चॉक लाव आणि खेळ’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

पूल, म्हणजे टेबलावर क्यूनं (लांब काठीनं) पांढरा बॉल मारून नंबर असलेले रंगीत बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ. तो खेळायला शिकवणारे भेटतात, पण तुम्ही मला आधी पूल बघायला शिकवलंत. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचा तो प्रसिद्ध शॉट आपण कितीदा पाहिला असेल! १९९५ साल, अमेरिकेतल्या रिनोतली स्पर्धा, समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड. पाच नंबरचा बॉल आड गेलेला, आणि रेयेसनं पांढरा टेबलाच्या दोन कुशनांवर (रबरी कडांवर) आपटून तो पाच नंबर पॉकेटमध्ये घातला. बघणारे तिथेच टाळ्या वाजवून थांबतात. तुम्ही मात्र व्हिडिओ थांबवू द्यायचा नाहीत. ‘आता खरं बघ, पांढरा कुठे आलाय,’ म्हणायचात. त्या दिवसांपासून मला रंगीत बॉलपेक्षा पांढराच जास्त दिसायला लागला.

रेयेस की स्ट्रिकलंड, यावर मात्र आपलं कधीच जमलं नाही. स्ट्रिकलंडची यूएस ओपन या पूलच्या स्पर्धेतली पाच विजेतेपदं तुम्ही बोटांवर मोजून दाखवायचात. मी १९९४ ची तीच स्पर्धा पुढे करायची, कारण ती जिंकणारा रेयेस हा पहिला बिगरअमेरिकन खेळाडू. मग १९९९ चं कार्डिफमधलं नाइन-बॉलचं, म्हणजे नऊ बॉलांच्या पूलचं, विश्वविजेतेपद. माझं मत अजूनही तेच आहे, काका.

जुन्या पिढीतला अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनी, त्याच्याबद्दल तुम्ही बोलायला लागलात की सरावाचा वेळ गेलाच म्हणून समजायचं. १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्यानं एकदाही न चुकता सलग ५२६ बॉल घातले. आकडा ऐकून मी थक्क झाले होते, तर तुम्ही म्हणालात, ‘आकडा सोड, त्याच्या जुन्या चित्रफिती बघ. अवघड शॉट शोधून दाखव.’ सापडेनात. पांढरा वीतभर सरकतो, पुढचा बॉल समोर हजर. अवघड शॉट येऊच द्यायचा नाही, हीच त्याची करामत. पुढे २०१९ मध्ये जॉन श्मिटनं ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉनं ७१४ बॉल घातले, तेव्हाही आपण दोघं पांढऱ्याचाच प्रवास बघत बसलो.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत मोठी आहे. टेबलाभोवती मी एकटीच मुलगी असायची. तुम्ही त्यावर कधी भाषण दिलं नाहीत. फक्त जीन बालुकसचं नाव सांगितलंत: १९७२ ते १९७८, सलग सात वर्षं महिलांची यूएस ओपन तिच्याकडे. मग स्नूकर सोडून १९९५ मध्ये अमेरिकेत पूल खेळायला गेलेल्या अ‍ॅलिसन फिशरचा स्ट्रोक दाखवलात आणि म्हणालात, ‘क्यू किती सरळ जातोय बघ. आपल्याला हा हवाय.’ आपल्याला! तो शब्द मला फार पुरला.

तुमचा कागदाचा धडा मी आजही रोज करते. घडी घातलेला कागद टेबलावर ठेवायचा, पांढरा त्यावरच थांबला पाहिजे. जवळच्या बॉलवर स्टॉप शॉट, म्हणजे टक्कर होताच पांढरा जागीच थांबवणं, सोपा. अंतर वाढलं की कापड वाटेतच पांढऱ्याची उलटी फिरकी खाऊन टाकतं, म्हणून क्यू आणखी खाली लावायचा किंवा जोर वाढवायचा. फिरकी उरली नाही आणि शॉट तिरका असला, तर पांढरा रंगीत बॉलच्या वाटेशी काटकोनात निघतो. घरंगळत आला असेल तर साधारण तीस अंशांत वळतो. तो कोन दाखवायला तुम्ही दोन बोटं सैलसर फाकवून टेबलावर धरायचात, एक बोट पांढऱ्याच्या मूळ दिशेला, दुसरं तो जाणार तिकडे. भूमितीच्या पुस्तकात न कळलेले कोन मला तुमच्या बोटांत कळले.

आणि तो प्रश्न, ‘पांढरा कुठे थांबवणार, ते आधी सांग.’ उत्तर दिल्याशिवाय तुम्ही मला टेबलावर वाकू दिलं नाहीत. बॉल गेला की नाही, हे तुम्ही नंतरही विचारलं नाहीत.

सध्या स्ट्रेट पूलवर (कोणताही बॉल कोणत्याही क्रमानं घ्यायचा प्रकार) बसले आहे. चौदा बॉल संपतात, पुन्हा मांडलेले बॉल फोडायला, म्हणजे ब्रेकसाठी, राखलेला पंधरावा हवा तिथे राहतो, पण पांढरा त्याच्या योग्य बाजूला आणायला शेवटचे तीन बॉल कोणत्या क्रमानं घ्यायचे, ते नीट बसत नाही. पुढच्या वेळी आधी तेच घेऊ. तुमच्या क्यूच्या टोकाला नवी टिप बसवून आणली आहे, तुम्हाला आवडते तशी मध्यम कडक.

तुमची विद्यार्थिनी