समईच्या जाहिरातीचा हिशेब

दादर, मुंबई
रविवार सकाळ

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार त्राग्याने बोललास आणि मी पुढे काही सांगण्याआधीच कुरिअरवाला दारात आला म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. गणपती पाच आठवड्यांवर आले असताना पितळी समयांच्या गूगलवरच्या जाहिरातीवर दर क्लिकमागे पैसे जातात आणि त्या मानाने ऑर्डर येत नाहीत, यामागे तांबाकाट्यावरच्या त्या दुसऱ्या दुकानदाराचाच हात आहे, तोच खोटे क्लिक करवून तुझे पैसे संपवतो, असे तुझे ठाम मत झाले आहे. तुझ्या संकेतस्थळावरच्या भेटींच्या, तू पाठवलेल्या जून महिन्याच्या नोंदी मी चार रात्री बसून पाहिल्या. खोटे क्लिक झाले आहेत, हे तुझे म्हणणे खरे आहे. मात्र तू ज्या ओळींवर लाल खूण केली आहेस त्यांतल्या बहुतेक निर्दोष आहेत, आणि त्या दुकानदाराविरुद्ध या कागदांत एक अक्षरही मला सापडले नाही.

टेलिफोनच्या बिलांच्या तक्रारींचे टेबल मी अकरा वर्षे सांभाळले, हे तुला ठाऊक आहे. बिलासोबत एसटीडी फोनांची यादी येऊ लागल्यापासून "हे फोन आम्ही केलेच नाहीत" असे सांगणारी माणसे रोज येत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हातात रागाखेरीज काही नसे. भुलेश्वरचे एक कापडव्यापारी मात्र दोनशे पानी वही घेऊन आले होते. दुकानातून केलेला प्रत्येक बाहेरगावचा फोन तारीख, वेळ आणि नंबरासह त्यांनी लिहून ठेवला होता. आम्ही दोघांनी यादी आणि वही शेजारी ठेवून पट्टीने एकेक ओळ जुळवली, तेव्हा न जुळणारे सगळे फोन दुपारी दीड ते तीनच्या दरम्यानचे, म्हणजे शटर अर्धे खाली ओढून ते जेवायला घरी जात त्या वेळेतले निघाले. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले, मग वही मिटून बिल भरायच्या खिडकीकडे गेले. तुझ्या नोंदी वाचताना मी तीच पट्टी हातात घेतली होती.

पहिली गोष्ट १२ जूनच्या खर्चाची. रोजची मर्यादा ६०० रुपये असताना त्या दिवशी १,१५० रुपये कसे गेले, म्हणून तू त्या पानावर "चोरी" असे लिहिले आहेस. गूगलच्या जाहिरातींत रोजचा आकडा हा सरासरीचा असतो. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याची कमाल मर्यादा रोजच्या आकड्याच्या ३०.४ पट, म्हणजे तुझ्या बाबतीत १८,२४० रुपये, एवढी असते. जूनचा तुझा एकूण खर्च त्याच्या आत आहे. त्यावरचा १८ टक्के जीएसटी तू वेगळा मांडत जा. त्याची वजावट तुला मिळते आणि तो क्लिकच्या भावात मिसळला की प्रत्येक समईमागचा हिशेब चुकतो.

आता लाल खुणा. जाहिरातीवरच्या प्रत्येक क्लिकसोबत पानाच्या पत्त्याच्या शेपटीला जीसीएलआयडी नावाची लांबलचक खूण येते आणि ती प्रत्येक क्लिकला वेगळी असते. तू नोंदीतल्या ओळी मोजल्यास, मी खुणा मोजल्या. २१ जूनला दुपारी ज्या २७ ओळी लागोपाठ आल्या आहेत, त्या सगळ्यांची खूण एकच आहे, फोन मात्र निरनिराळे आहेत. याचा अर्थ एवढाच की कोणा एका बाईने जाहिरातीवरून समई पाहिली आणि तोच पत्ता जसाच्या तसा कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या ग्रुपवर टाकला. पैसे एका क्लिकचेच लागले, उरलेल्या २६ भेटी तुला फुकट मिळाल्या, आणि त्याच दुपारी तीन समया विकल्या गेल्याचे तुझ्या ऑर्डर-वहीत आहे. तू ज्याला चोरी म्हणालास ती त्या महिन्यातली तुझी सर्वांत चांगली दुपार होती.

उलट बाजूने, बिलात क्लिक आहे आणि तुझ्या नोंदीत भेटच नाही, असेही रोज दोनचार वेळा घडते. संध्याकाळच्या विरार गाडीत दाराशी उभ्या असलेल्या माणसाने जाहिरातीवर बोट ठेवले आणि पान उघडण्याआधी नेटवर्क गेले, की क्लिक मोजला जातो आणि माणूस पोहोचत नाही. तुझे मुखपृष्ठ उघडायला माझ्या फोनवर सात सेकंद लागतात. मोठाले फोटो लहान केलेस तर ही गळती कमी होईल. आयपी पत्त्याचे, म्हणजे फोन इंटरनेटवर ज्या क्रमांकावरून येतो त्याचेही तसेच आहे. मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहकांना बसवतात, त्यामुळे एका आयपीवरून दिवसात नऊ क्लिक आले एवढ्यावरून तो पत्ता बंद केलास, तर कांदिवलीतले अर्धे गिऱ्हाईक तू स्वतःच्या हाताने परत पाठवशील. आणि पुण्याची मावशी रोज कौतुकाने तुझी जाहिरात शोधून तिच्यावर बोट ठेवते, तिला मी समजावले आहे. तूही जाहिरात दिसते का हे पाहायला नेहमीचा शोध वापरू नकोस, खात्यातच पूर्वदर्शनाची सोय आहे.

एवढे बाजूला काढल्यावर जे उरते, ते मात्र मला खरोखर खटकले. १७ ते १९ जून, तिन्ही रात्री अडीच ते चारच्या दरम्यान, "पितळी समई" या एकाच शोधशब्दावर क्लिक आले आहेत. १८ जूनची रात्र मी पूर्ण उतरवून काढली. ३८ क्लिक, ३८ वेगळ्या खुणा, फोनचे वर्णन मात्र सगळीकडे अक्षरशः एकच. आयपी पत्ते मोबाईल कंपनीचे नसून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे आहेत. सर्वांत बोलकी गोष्ट अशी की माणसाने पान उघडले की त्यामागोमाग समईचे फोटो मागितल्याच्या दहाबारा ओळी नोंदीत उमटतात, या ३८ भेटींत एकही फोटो मागितलेला नाही. समई घ्यायला आलेल्या माणसाने समईच पाहिली नाही, असे ३८ वेळा घडत नाही. हे यंत्राचे काम आहे.

गूगलच्या त्या दिवशीच्या अहवालात अवैध क्लिकचा रकाना तू उघडलाच नव्हतास. त्यात २९ हा आकडा आहे, म्हणजे तेवढ्या क्लिकचे पैसे लावलेलेच नाहीत. ते सगळेच्या सगळे या ३८ पैकी होते असे धरले, तरी निदान नऊ क्लिकचे पैसे तुझ्याकडून गेले. १४ रुपयांच्या सरासरीने १२६ रुपये. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नकोस. तक्रारीचा अर्ज दोन महिन्यांच्या आतल्या क्लिकसाठीच घेतात, तेव्हा ऑगस्टच्या मध्यापूर्वी तो गेला पाहिजे. आणि त्यात कोणाचेही नाव न घालता फक्त तारीख, वेळ, खूण, पत्ता आणि फोनचे वर्णन द्यावे. ते पत्ते वगळण्याच्या यादीतही घाल. जाहिरातीच्या एका मोहिमेत ५०० पत्ते मावतात.

नाव घालू नकोस असे मी का म्हणते, तेही सांगते. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या टेक्सारकाना येथील लेन्स गिफ्ट्स अँड कलेक्टिबल्स या भेटवस्तूंच्या दुकानाने २००५ मध्ये गूगल, याहू आणि इतर कंपन्यांवर अशाच क्लिकच्या पैशांसाठी दावा लावला, आणि २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. जाहिरातदारांच्या वाट्याला रोख न येता पुढच्या जाहिरातींसाठीची जमा आली. त्या प्रकरणात अलेक्झांडर तुझिलिन या प्राध्यापकांनी दिलेल्या अहवालातली अडचण आजही तशीच आहे: क्लिक करणाऱ्याच्या मनातला हेतू काय होता, हे पुष्कळदा कळूच शकत नाही. मग दादरच्या घरात बसून तुला आणि मला तो कसा कळणार? ज्याच्यावर तू संशय घेतोस त्याच्या दुकानाशी तुझ्या आजोबांचा चाळीस वर्षांचा व्यवहार होता. पुराव्याशिवाय त्याच्या पायरीवर जाऊन तू भांडलास, तर मला ते फार लागेल.

शिवाय यंत्र लावणाऱ्याला तुझे वैरी असण्याची गरजही नसते. दुसऱ्या संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपमध्ये जाहिरात दाखवली की त्या जागेच्या मालकाला क्लिकमागे वाटा मिळतो, आणि त्या वाट्यासाठी खोटे क्लिक करवणारे पुष्कळ आहेत. ज्या माणसाने तुला खाते उघडून दिले, त्याने अशा जागी जाहिरात दाखवणारे शोध-भागीदार आणि डिस्प्ले नेटवर्क या दोन्ही पर्यायांपुढच्या टिकेच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. त्या आजच काढ. ठिकाणाच्या सेटिंगमध्येही "रस असलेले" हा पर्याय सोडून प्रत्यक्ष भारतात असलेल्यांनाच जाहिरात दिसेल असे कर. परदेशी पार्सल तू पाठवतच नाहीस.

माझी खरी काळजी मात्र क्लिकची नाही, खोट्या ऑर्डरची आहे. जूनमधल्या घरपोच पैसे देण्याच्या ६४ ऑर्डरपैकी १९ परत आल्या, आणि त्यांतल्या सात ऑर्डरींचे पत्ते अर्धवट आहेत. ऑर्डर नोंदताच ती जाहिरात खात्यात यश म्हणून मोजली जाते आणि तुझ्या वतीने जाहिरातीची बोली लावणारी गूगलची यंत्रणा तशाच माणसांच्या मागे आणखी पैसे लावते. परत आलेली ऑर्डर तेथून मागे घेण्याची सोय आहे, ती वापर. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरसोबत तिची जीसीएलआयडी साठवून ठेव. तुझे दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर असल्याने हे काम अवघड नाही, आणि पार्सल पोहोचून पैसे हाती आले की मगच त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची.

होस्टिंगवाला जुन्या नोंदी पुसून टाकतो, म्हणून जुलैची फाईल आज रात्रीच उतरवून घे. पुढच्या रविवारी जेवायला येशील तेव्हा ती पेनड्राइव्हवर आण. १७ आणि १९ च्या रात्री मी तोवर उतरवून ठेवते, म्हणजे अर्ज आपण दोघे बसून भरू. येताना ती मधली समई आण, तिची वात धरायची जागा एका बाजूला कलली आहे असे एका गिऱ्हाइकाने लिहिले आहे, ती मला पाहायची आहे.

तुझी,
आई